हातचा कुठे हरवतो?

न्हावरे हे शिरूर तालुक्यातले, शिरूर-चौफुला रस्त्यावरचे गाव. आजूबाजूला ऊस आणि तिथलाच घोडगंगा सहकारी साखर कारखाना. अशा पट्ट्यात वाढलेल्या मुलांना आकडेमोड काही परकी नसते. एकर म्हणजे चाळीस गुंठे. वीस गुंठ्यांत बावीस टन ऊस निघाला तर एकरी चव्वेचाळीस पडला, हे पाचवी-सहावीतला मुलगा बांधावर उभ्याउभ्या सांगतो. दुधाचा पगार किती व्हायला हवा होता आणि हातात किती आला, यावर तर घरातली मुले मोठ्यांच्या आधी बोट ठेवतात.

असाच एखादा मुलगा वर्गात फळ्यापुढे उभा राहतो. फळ्यावर गणित असते ५३ वजा २७. हातात खडू, पाठीमागे सगळा वर्ग, बाजूला सर. तो तेरातून सात वजा करतो आणि सहा लिहितो. मग पाचातून दोन वजा करतो आणि तीन लिहितो. उत्तर येते ३६. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसते. ‘अरे, हातचा कुठे गेला?’ असे सर विचारतात, तेव्हा त्याला खरेच सांगता येत नाही. संध्याकाळी ओसरीवर बसून तो हीच वजाबाकी न चुकता करतो.

‘घरी येतं, वर्गात येत नाही, परीक्षेत तर मुळीच नाही,’ ही तक्रार पालकसभेत हमखास ऐकू येते. तिच्यावर ठरलेली दोनच निदाने असतात. मुलगा धांदरट आहे, नाहीतर त्याने अभ्यास केलेला नाही. गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या संशोधनाने तिसरे एक निदान पुढे आणले आहे. मुलाला हातच्याची वजाबाकी येते. पण ती करताना हातचा ठेवायला डोक्यात जागाच उरलेली नसते. ती जागा भीतीने अडवलेली असते. ती मोकळी करण्यासाठी श्वासाकडे लक्ष देण्याचा साधा सराव उपयोगी पडतो का, हा प्रश्न आता जगभरच्या शाळांत विचारला जातो आहे. महाराष्ट्रातील शाळांत असा सराव २०१२ पासून सरकारी उपक्रम म्हणून आलेला आहे.

डोक्यातली पाटी

मानसशास्त्रात ‘वर्किंग मेमरी’ म्हणून ओळखली जाणारी गोष्ट समजून घ्यायला जुनी दगडी पाटी पुरते. आता चालू असलेल्या कामापुरत्या चार गोष्टी तिच्यावर लिहायच्या, काम झाले की पुसायच्या. ही पाटी फार लहान असते. सात-आठ वर्षांच्या मुलाची तर मोठ्यांपेक्षाही लहान. ५३ वजा २७ करताना तिच्यावर दोन्ही संख्या असतात, एककाचे उत्तर असते, दशकाकडून घेतलेल्या हातच्याची नोंद असते आणि पुढे काय करायचे हेही असते. त्याच वेळी ‘चुकलं तर हसतील’, ‘सर ओरडतील’, ‘कालही असंच झालं होतं’ ही वाक्ये तिच्यावर लिहिली गेली, तर काहीतरी पुसले जाणारच. बहुतेक वेळा पुसला जातो तो हातचा, कारण तो कागदावर किंवा फळ्यावर कुठेच लिहिलेला नसतो.

ही नुसती उपमा नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्क अॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांना काही अक्षरे लक्षात ठेवायला सांगून मध्येच बेरजा घातल्या. साध्या बेरजांत गणिताला घाबरणारे आणि न घाबरणारे यांच्यात फारसा फरक पडला नाही. हातच्याच्या बेरजा आल्या आणि लक्षात ठेवायची अक्षरे वाढली, तेव्हा घाबरणाऱ्यांच्या चुका झपाट्याने वाढल्या. म्हणजे भीतीचा घाला नेमका पाटीवर पडतो.

मराठी मुलांच्या पाटीवर आणखी एक ओझे असते. ‘त्रेपन्न’ म्हणताना आधी तीन ऐकू येतात आणि मग पन्नास. लिहायचे मात्र आधी पाच, नंतर तीन. ‘एकोणतीस’ म्हटले की कानावर तीस पडतात आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. इंग्रजीत किंवा दक्षिणेच्या भाषांत वीसच्या पुढे आधी दशक, मग एकक असा सरळ क्रम आहे. मराठीत शंभरपर्यंतची जवळजवळ प्रत्येक संख्या नाव म्हणून वेगळी पाठ करावी लागते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ अशी वाचनपद्धत दिली गेली, तेव्हा विधानसभेपासून समाजमाध्यमांपर्यंत तिची थट्टा झाली. गणित समितीच्या प्रमुख होत्या ज्येष्ठ गणितज्ञ मंगला नारळीकर. जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले अडखळतात आणि तिथूनच गणिताचा धसका घेतात, एवढेच त्यांचे म्हणणे होते. जुनी नावे काढून टाकलेली नव्हती. ‘गणिताच्या सोप्या वाटा’ लिहिणाऱ्या या बाई २०२३ मध्ये गेल्या. त्या वादात भाषेच्या अस्मितेवर पुष्कळ बोलले गेले, सात वर्षांच्या मुलाच्या पाटीवर मात्र फारच थोडे.

याच नजरेने पाहिले, तर आपल्याकडच्या परवच्याचेही मोल कळते. तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर मुलांना बसवून पाढे म्हणून घेण्याची, पावकी-निमकी घोकून घेण्याची जुनी रीत आज मागासलेली वाटते. सहा सत्ते बेचाळीस हे ज्याच्या ओठावर बसलेले असते, त्याला पाटीवर ते नव्याने मांडावे लागत नाही. तेवढी जागा हातच्याला मिळते. समजुतीशिवाय घोकंपट्टी वाईट, हे खरेच. पण समजल्यानंतर केलेले पाठांतर पाटी मोकळी ठेवते.

भीती आधी येते

गणिताची भीती हे लाडावलेल्या मुलांचे नखरे नाहीत. २०१२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांना गणिताविषयी काय वाटते, हेही विचारले होते. विकसित देशांतील ५९ टक्के मुलांनी गणिताचा तास अवघड जाईल अशी वारंवार काळजी वाटते असे सांगितले. ३३ टक्के मुले गणिताचा गृहपाठ करताना फार ताणाखाली असत. या पाहणीत भारत नव्हता. पण दहावीच्या निकालानंतर ‘गणितात राहिला’ हे वाक्य ज्या सहजतेने उच्चारले जाते, ते ऐकलेल्याला आकडेवारीची गरज पडू नये.

मेंदूच्या चित्रणातूनही काही गोष्टी दिसल्या आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील विनोद मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सात ते नऊ वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. गणिताला घाबरणाऱ्या मुलांत बेरीज-वजाबाकी करताना अमिग्डाला हा भाग जास्त खवळलेला दिसला. साप दिसल्यावर माणूस दचकतो, त्यात याच भागाचा हात असतो. उलट विचार करणारे, हिशोब जुळवणारे भाग तुलनेने थंड होते. त्याच वर्षी इयन लायन्स आणि शियान बायलॉक यांनी प्रौढांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. गणिताचा धसका घेतलेल्यांच्या मेंदूत वेदनेशी संबंधित असलेला भाग जागा होत होता, आणि तोही गणित येणार आहे एवढी सूचना मिळाल्यावर. गणित प्रत्यक्ष सोडवताना तसे दिसले नाही. मोजक्या लोकांवरचा हा अभ्यास आहे, त्यावर फार मोठा इमला बांधू नये. तरीही शिक्षकांना त्यातली एक गोष्ट अनुभवाने पटेल. मुलाचे पोट गणिताच्या तासाच्या आधी दुखते, तास सुरू झाल्यावर अर्ध्या तासात बरे होते.

म्हणून उपायाची वेळही तीच. गणित सुरू होण्याच्या आधीची दोन-चार मिनिटे.

श्वासाकडे नुसते पाहणे

‘माइंडफुलनेस’ला मराठीत सजगता म्हणतात. आता जे चालले आहे त्याकडे, चांगले-वाईट न ठरवता, लक्ष देणे, एवढाच तिचा अर्थ. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समधील रुग्णालयात दीर्घ दुखण्याने त्रासलेल्या रुग्णांसाठी याचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला आणि तिथून तो वैद्यकात, मग शाळांत पसरला. मूळ मात्र आपल्याच भागातले. सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशातून परत आणलेल्या विपश्यनेचे मोठे केंद्र १९७६ पासून नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला उभे राहिले. मुलांसाठी त्यातला पहिला टप्पाच घेतला जातो, त्याला आनापान म्हणतात.

आनापानात करायचे फार थोडे असते, आणि म्हणूनच ते मोठ्यांना अवघड जाते. ताठ पण सैल बसायचे. श्वास नाकातून आत येतो, बाहेर जातो, त्याच्याकडे लक्ष ठेवायचे. तो लांब करायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही. प्राणायाम आणि यात हा फरक आहे. तिथे श्वासावर ताबा असतो, इथे नुसती पाळत. मन दुसरीकडे गेले, आणि ते जातेच, की लक्षात आल्यावर न चिडता परत श्वासावर यायचे. हे परत येणे हाच सराव. दहा मिनिटांत मन चाळीस वेळा पळाले आणि चाळीस वेळा परत आणले, तर काही बिघडले नाही. चाळीस वेळा सराव झाला.

गणिताशी याचा संबंध दोन बाजूंनी लागतो. एक शरीराचा. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. घाबरलेला मुलगा वरवर, भरभर श्वास घेतो. लक्ष गेल्यावर श्वास आपोआप संथ होऊ लागतो आणि धडधड कमी होते. दुसरा संबंध लक्षाचा. ‘मला हे येणार नाही’ हा विचार आला, तो आला हे कळले, आणि मुलगा पुन्हा समोरच्या ओळीवर आला, हीच क्रिया श्वासाच्या जागी गणित ठेवून करायची असते. विचार हुसकून लावता येत नाही. त्याच्या मागे फरफटत न जाणे मात्र शिकता येते.

प्रयोगांतून काय दिसले? अमेरिकेत टॅड ब्रुन्ये आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना घड्याळ लावून अंकगणित सोडवायला दिले. आधी काहींनी श्वासावर लक्ष ठेवण्याचा छोटा सराव केला, काहींनी मन मोकळे भटकू दिले. गणिताला फार घाबरणाऱ्यांना श्वासाच्या सरावाने शांत वाटले आणि त्यांची उत्तरेही सुधारली. कॅलिफोर्नियातील मायकेल म्राझेक यांच्या गटाने त्याच वर्षी ४८ विद्यार्थ्यांवरचा प्रयोग मांडला. दोन आठवडे सजगतेचा सराव केलेल्यांची वर्किंग मेमरी, त्याच काळात आहारशास्त्राच्या वर्गाला बसलेल्यांच्या तुलनेत सुधारली आणि वाचताना मन भटकणे कमी झाले. कॅनडात किम्बर्ली शोनर्ट-रायकल यांनी चौथी-पाचवीच्या ९९ मुलांवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये आला. मुले दिवसातून तीनदा, तीन-तीन मिनिटे श्वासाचा सराव करत. त्याबरोबर दुसऱ्याची काळजी घेण्याचे पाठही होते. लक्षावरचा ताबा आणि वर्गमित्रांशी वागणे यांत स्पष्ट फरक पडला. गणिताच्या गुणांत चांगल्याकडे झुकणारा कल दिसला, पण ठामपणे सांगावे इतका नाही.

हा शेवटचा तपशील उत्साहाच्या भरात गाळला जातो, म्हणून मुद्दाम नोंदवलेला बरा.

महाराष्ट्राचा ‘मित्र’

महाराष्ट्राने हा सराव शाळांत नेण्याचा निर्णय २०१२ मध्ये घेतला. शालेय शिक्षण विभाग आणि विपश्यना विशोधन विन्यास यांच्या सहकार्याने राबवलेल्या या कार्यक्रमाचे नाव ‘मित्र उपक्रम’. शिक्षकाने आधी स्वतः दहा दिवसांचे शिबिर करायचे, त्यासाठी रजेची सोय, आणि मग शाळेत मुलांकडून रोज थोडा वेळ आनापान करून घ्यायचे, अशी त्याची रचना आहे. पुणे जिल्ह्यातल्या शिक्षकाला शिबिरासाठी इगतपुरीला जावे लागत नाही. आळंदीजवळच्या मरकळलाही केंद्र आहे. दिल्ली सरकारने २०१८ मध्ये ‘हॅपिनेस करिक्युलम’ आणून शाळेत सजगतेचा तास ठेवला, त्याचा गाजावाजा देशभर झाला. त्याच्या सहा वर्षे आधीचा हा मराठी प्रयत्न महाराष्ट्रातल्याच अनेक पालकांना ठाऊक नाही.

उपक्रमाचे जोरकस अंग आणि दुबळे अंग एकच आहे, ते म्हणजे शिक्षक. ज्याने स्वतः हा सराव केला आहे आणि जो तो चालू ठेवतो, त्याच्या वर्गात मुले दहा मिनिटे खरोखर बसतात. परिपत्रक आले म्हणून ‘डोळे मिटा, हाताची घडी, तोंडावर बोट’ असे फर्मान सुटते, तिथे ती दहा मिनिटे एका डोळ्याने शेजाऱ्याच्या खोड्या पाहण्यात जातात. दंगा केला म्हणून शिक्षा म्हणून ध्यानाला बसवणे तर सगळ्यात वाईट. मुलाच्या मनात श्वास आणि शिक्षा यांची कायमची गाठ बसते.

गुणवत्तेचा हाच प्रश्न ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर समोर आला. ‘मिरियाड’ नावाच्या चाचणीत ८५ शाळा आणि आठ हजारांहून अधिक मुले होती. अकरा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षकांनी सजगता शिकवली. २०२२ मध्ये निकाल आला. शाळांत आधीपासून चालणाऱ्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा यातून मुलांच्या मानसिक आरोग्यात काहीही जास्तीचा फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी वर्गाबाहेर सराव केलाच नव्हता. कित्येकांना तो कंटाळवाणा वाटला. आधीच मानसिक त्रासात असलेल्या काही मुलांना डोळे मिटून स्वतःच्या विचारांसोबत बसणे जडही गेले असावे, अशी शंका संशोधकांनी नोंदवली. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला आणि शाळेतले वातावरण थोडे निवळले. मिरियाडने गणिताचे गुण सुधारण्याचा दावा केलेला नव्हता, हे खरे. पण सगळ्या मुलांना एकच गोळी देऊन सगळ्यांना बरे वाटेल, ही समजूत तिने मोडली.

म्हणून ३६ आणि ३४ मध्ये फरक करायला हवा. ५३ वजा २७ चे उत्तर ३६ लिहिणाऱ्या मुलाने दशक घेतला आणि नंतर तो विसरला. घरी निवांतपणी त्याला हीच वजाबाकी येत असेल, तर त्याची पाटी मोकळी करायची आहे. ३४ लिहिणाऱ्याने सातातून तीन आणि पाचातून दोन वजा केले. लहान आकडा मोठ्यातून वजा करायचा, एवढेच तो शिकला आहे. दशक म्हणजे काय, हे त्याला उमगलेलेच नाही. त्याला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात हव्यात. त्याला वर्षभर डोळे मिटून बसवले, तरी तो शांत चित्ताने ३४ च लिहील.

आणि अशी मुले थोडी नाहीत. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी ३०.७ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. आठवीत हे प्रमाण ४५.८ टक्के होते. हे सगळे भीतीपोटी होते असे म्हणणे म्हणजे शिकवण्याच्या प्रश्नाला बगल देणे होईल. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुले गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशोब तोंडी आणि अचूक करतात, पण तोच शाळेतल्या पद्धतीने मांडला की अडतात, आणि शाळेत पटाईत असलेल्यांना बाजारातला हिशोब जमत नाही. बांधावर एकरी टन सांगणाऱ्या मुलाचे फळ्यापुढे अडणे यातही मोडते. त्याच्या डोक्यातला हिशोब आणि फळ्यावरची मांडणी यांच्यात कुणी पूलच बांधलेला नाही. पहिल्या गणिताला गुंठे आणि टन घेतले, तर निम्मे काम तिथेच होते.

भीतीवर शिकवणे हाही इलाज आहे, ही यातली दिलासा देणारी बाजू. मेनन यांच्याच गटाने २०१५ मध्ये तिसरीच्या मुलांना आठ आठवडे एकास एक शिकवणी दिली. गणिताला घाबरणाऱ्या मुलांची भीती कमी झाली आणि अमिग्डालाची खळबळही. कुणी ध्यान शिकवले नव्हते. शेजारी बसून, न चिडता, गणित शिकवले होते.

वर्गात आणि घरात

गणिताच्या तासाला हे आणायचे तर दोन ते तीन मिनिटे पुरतात. डोळे मिटायची सक्ती नको. ज्याला नको वाटते त्याने बाकावरच्या एखाद्या ठिपक्याकडे पाहावे. पाय जमिनीला टेकलेले, हात मांडीवर. श्वास येतो-जातो तो पाहायचा. ‘शांत झालात का?’ असे विचारू नये, त्याचीही परीक्षा होते. नंतर पहिले गणित सर्वांना येईल असे सोपे द्यावे.

गणित सोडवताना मध्येच अडले, तर पेन खाली ठेवावे, तीन श्वास सावकाश सोडावेत आणि गणित पुन्हा पहिल्यापासून वाचावे. आणि हातचा लिहावा. तो डोक्यात ठेवण्याची फुशारकी बऱ्याच मुलांना शिकवली जाते, ‘हुशार मुलाला कच्चं काम लागत नाही’ म्हणून. पाटी लहान असते तेव्हा कागद हीच दुसरी पाटी. जेरार्डो रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये एक आणखी सोपा उपाय तपासला. परीक्षेच्या आधी दहा मिनिटे मुलांनी आपल्याला कशाची भीती वाटते ते कागदावर लिहून काढले. जी नववीची मुले एरवी परीक्षेला फार घाबरत, त्यांचे गुण त्यामुळे सुधारले. ती परीक्षा जीवशास्त्राची होती, प्रयोगशाळेत गणितावरही असेच दिसले. मनातली वाक्ये कागदावर उतरली, की पाटीवरून उतरतात.

मोठ्यांचा वाटाही मोठा असतो. बायलॉक यांच्या २०१० च्या अभ्यासात पहिली-दुसरीच्या वर्गशिक्षिकांना स्वतःला गणिताची धास्ती असेल, तर वर्षअखेरीस त्यांच्या वर्गातल्या काही मुलींना ‘मुलगे गणितात हुशार, मुली वाचनात’ असे वाटू लागले आणि त्याच मुली गणितात मागे पडल्या. मुलांवर तसा परिणाम झाला नाही. एरिन मलोनी यांच्या २०१५ च्या अभ्यासात गणिताला घाबरणारे पालक गृहपाठात वारंवार मदत करू लागले, तर मुले वर्षभरात कमी शिकली आणि जास्त घाबरली. स्वयंपाकघरातून ‘मलाही कधी गणित जमलं नाही, तू तुझ्या मम्मीवर गेलीस’ असे लेकीला सहज म्हटले जाते. त्यात माया असते, आणि सुट्टी दिल्यासारखेही असते. श्वासाचा सराव घरात कुणी करायचाच असेल, तर गृहपाठाला बसण्याआधी मोठ्यांनी करावा.

काही मुलांना याचा उपयोग होणार नाही. शंभरात तीन ते सात मुलांना डिस्कॅल्क्युलिया म्हणजे संख्याच मुळात उमगण्याची अडचण असते. चौथी-पाचवीतही सात मोठे की नऊ हे चटकन कळत नसेल, बोटे सुटत नसतील, घड्याळ आणि सुटे पैसे यांतही गोंधळ होत असेल, तर तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि राज्य मंडळाच्या परीक्षांत त्यासाठी सवलती आहेत. त्याआधी साध्या गोष्टी पाहाव्यात. मुलाला फळा दिसतो का? रात्री झोप किती होते? सकाळी काही खाऊन येतो का? न्हावऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येऊन तपासणी करतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. चष्म्याचा नंबर असलेला मुलगा तीनचे आठ वाचतो आणि त्याला गणित येत नाही असे ठरते.

शिरूर तालुक्यात शिष्यवृत्तीचे वेड मोठे. शिक्रापूरला नवोदय विद्यालय असल्याने त्या प्रवेश परीक्षेचीही धामधूम असते. २०१७ पासून पाचवीला होत आलेल्या शिष्यवृत्ती परीक्षेचा पहिला पेपर ७५ प्रश्नांचा, त्यांतले ५० गणिताचे, आणि वेळ दीड तास. प्रश्नाला ७२ सेकंद येतात. जादा तासांना घड्याळ लावून सराव घेतला जातो आणि ‘चल, चल, पुढचा’ हे शब्द मुलांच्या कानात बसतात. अशा वेळी पेन खाली ठेवून श्वास पाहायला सांगणे पालकांना वेडेपणा वाटतो. हिशोब मात्र साधा आहे. तीन सावकाश श्वासांना पंधरा-वीस सेकंद लागतात. दीड तासाचे सेकंद होतात ५,४००. पेपर हाती आल्यावर एकदा आणि मध्ये अडल्यावर दोनदा, असे तीन वेळा थांबले तर खर्च होतो जास्तीत जास्त एका मिनिटाचा, म्हणजे एका प्रश्नापेक्षाही कमी. अडलेल्या प्रश्नावर घाबऱ्याघुबऱ्या नजरेने पाहत बसण्यात किती सेकंद जातात, हे सराव परीक्षेच्या दिवशी एकदा घड्याळ लावून मोजता येईल.